पालक बरोबर हवेत

नमुना एकटा आला की मेश्रामसर त्याला हात लावत नाहीत.

आमची संस्था कारखानदारांना धातू, प्लास्टिक, कापड असलं काय काय तपासून देते. मी नमुने घ्यायच्या खिडकीवर बसते, आणि आतल्या खोलीत मेश्रामसर कपाटाएवढा मायक्रोस्कोप घेऊन बसतात. त्यांचा नियम एकच. ज्याची वस्तू, तो माणूस तपासणीच्या वेळी शेजारच्या खुर्चीत हवा. त्या माणसाला ते 'पालक' म्हणतात. एकदा एका बड्या कंपनीनं तुटलेला गिअर ड्रायव्हरच्या हाती पाठवला.

"आपण पालक का?" सरांनी विचारलं.

"नाही साहेब, मी ड्रायव्हर."

"मग घेऊन जा. पोर रडायला लागलं तर आपल्याला गप्प करता येणार नाही."

दुपारी मॅनेजर धुसफुसत स्वतः आले. खुर्चीत बसल्यावर बोलता बोलता म्हणाले, की गिअर नीट बसेना म्हणून कुणीतरी हातोडीनं ठोकला होता. सरांना हवं ते मिळालं. "नमुना खोटं बोलत नाही, पण निम्मंच बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सर मूळचे भंडाऱ्याचे. सदाशिव पेठेत एका खोलीत एकटेच राहतात. तिथं इतकी वर्षं काढल्यामुळे बोलणं कात्रीसारखं झालंय. मनाला काही लागलं, तरच त्यांच्या तोंडून 'का'ऐवजी गावाकडचं 'काहून' निसटतं, आणि तसं मी फार क्वचित ऐकलंय.

मग लॉकडाऊन लागला. औषधं, मास्क, ऑक्सिजनचं सामान बनवणाऱ्यांना तपासण्या तर हव्याच होत्या, पण येणार कसे? खिडकीत नुसती पार्सलं साचू लागली. "इथं अनाथाश्रम काढलाय का?" म्हणून सर फुगून बसले. नंतर एका सकाळी बघते तर खुर्चीत पोळ्यांचा उभा डबा, आणि त्याला टेकवलेला मोबाइल. पालक व्हिडिओ कॉलवर हजर!

"आपण हललात. सरळ बसा," सर दटावायचे. हललेला असायचा डबा.

शिपाई येत नव्हता, त्यामुळे चहा माझ्याकडे. सरांना दोन कप लागत, एक त्यांचा आणि एक मोबाइलपुढे. पाहुण्यापुढे कप नको का? कॉल संपला की तो मी प्यायचे. साखर महाग झाली होती.

दुसऱ्या लाटेत लोणी काळभोरच्या जगतापांचं पार्सल आलं. त्यांचा छोटा कारखाना, ऑक्सिजनच्या सिलिंडरला लागणारे पितळी व्हॉल्व्ह बनवायचा. व्हॉल्व्हना बारीक चिरा पडत होत्या. दवाखाने माल मागत होते आणि गळका व्हॉल्व्ह देणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यात जगतापांना स्वतःलाच करोना झालेला. माडीवरच्या खोलीत एकटे, आणि थोरला भाऊ त्याच दुखण्यानं नुकताच गेलेला.

"सर, दिसतंय का काय?" ते धापा टाकत विचारायचे.

"दिसतंय. बसा."

चिरेच्या तोंडाशी वाळूचे कण सापडले. ओतकामातला दोष. मी लगेच रिपोर्ट टाइप करून जगतापांच्या बायकोला पाठवला. खालचा कारखाना तीच सांभाळत होती. तिनं ओतकाम बदलून घेतलं, काम सुरूही झालं.

तरी दुसऱ्या दिवशी अकराला जगतापांचा कॉल चालूच. तिसऱ्या दिवशीही. "दुसरी बाजू बघायचीय," सर म्हणायचे. व्हॉल्व्हच्या सगळ्या बाजू संपल्यावर त्यांनी मीठ बघितलं, तुरीची डाळ बघितली.

"सर, ह्यो दोरखंड कसला हाय?" एकदा पडद्यावरचं चित्र बघून जगतापांनी विचारलं.

"माझ्या मिशीचा केस. व्हॉल्व्हवर पडला होता. खात्री केलेली बरी."

जगताप खोकत खोकत हसले. माझं मात्र डोकं फिरलं. खिडकीवर पार्सलांचा ढीग, लोक फोनवर माझा उद्धार करतायत, आणि हे मिशा तपासतायत! मी तरातरा आत गेले. माझा अवतार बघून सरांनी आधी मोबाइलचा आवाज बंद केला.

"रिपोर्ट कधीच गेलाय. मशीन कशासाठी अडवलंय?"

सर हळूच म्हणाले, "नमुन्याचं झालं, शिंदेबाई. पालकांचं अजून बाकी आहे. त्यांच्या घरी मीच सांगितलंय, रिपोर्टचं बोलू नका म्हणून."

मग मायक्रोस्कोपकडे बघतच म्हणाले, "माझी आई गेल्या वर्षी भंडाऱ्याला करोनाच्या वॉर्डात एकटीच गेली. तिच्यापुढे फोन धरायला कुणी नव्हतं."

मला स्वतःची लाज वाटली. मी चहा ठेवायला गेले.

जगताप बरे झाले. रस्ते मोकळे झाल्यावर एके दिवशी खिडकीशी एक वाळलेला, उंच माणूस आला. आवाजावरून ओळखलं. आत नेलं, तर सर मान वर न करता म्हणाले, "नमुना?"

"नमुना नाय सर," जगताप दारातच थांबले. "नुसता पालक आलोय."

सरांनी वर बघितलं. चष्मा काढला, उगाच पुसला, पुन्हा घातला.

"उभे काहून जी? बसा नं!" म्हणाले, आणि खुर्चीवरचा डबा उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

मी दोन कप चहा नेला. जगतापांनी आपला कप पार तळापर्यंत प्यायला.