भिंतीपलीकडचं गाणं

"आवाजाचं माझ्यावर सोडा, वहिनी! तुम्ही काळजीच करू नका!" झिपऱ्याने छातीठोकपणे सांगितलं. वहिनींनी मान डोलावली. मास्तरांनी मात्र कपाळाला हात लावला.

झिपऱ्या म्हणजे दातांचा डॉक्टर. डोक्यावर आता औषधालाही केस नव्हता, पण कॉलेजात असताना ते खांद्यावर रुळायचे, म्हणून मित्रांच्या तोंडी तेच नाव राहिलं. मास्तर भूगोल शिकवायचे. आणि तिसरा ढोल्या. अंगाने काडीसारखा. हे नाव त्याला पडलं ते बाकं, डबे, पातेली, जे हाताला लागेल ते बडवत सुटायचा म्हणून.

तरुणपणी तिघांनी एकाच रॉक बँडवर जीव टाकला होता. गाण्यातले निम्मे शब्द कळायचे नाहीत. उरलेले निम्मे तिघे तीन तऱ्हेने म्हणायचे आणि त्यावरून हमरीतुमरीवर यायचे! बँड एकदाच गावात आला, तेव्हा हे तिघे सगळ्यांत पुढे, थेट स्पीकरला चिकटून उभे राहिले. त्या दिवशी झिपऱ्याच्या उजव्या कानाने रजा घेतली ती कायमचीच. पण त्याला त्याचं दुःख नव्हतं. पेशंट दात दुखतोय म्हणून ओरडायला लागला की तो उजवा कान पुढे करायचा.

ढोल्या गेला. दवाखान्यात शेवटी शेवटी त्याला धड बोलवत नव्हतं, तरी त्याने झिपऱ्याचं मनगट धरून सांगितलं होतं, "भाषणं नकोत रे. आपलं गाणं लाव. आणि मोठ्यांदा लाव. भिऊन भिऊन नको."

झिपऱ्याने त्याला शब्द दिला होता, आणि आता त्याच्या बायकोला, वहिनींनाही.

शोकसभेसाठी भाड्याने घेतलेला हॉल बरा होता. कोपऱ्यात उंच काळा स्पीकर होता आणि तो मोबाइलला जोडला की झालं, असं हॉलवाल्या बाईंनी सांगितलं होतं. पण गाण्याच्या आधी ढोल्याचे साहेब उठले. "अत्यंत शांत माणूस," ते गहिवरून म्हणाले. "इतकी वर्षं आमच्या ऑफिसात होते, पण कधी आवाज म्हणून ऐकला नाही!"

हे कोणाबद्दल बोलतायत? आमचा ढोल्या शांत? झिपऱ्याने साहेबांचं वाक्य पुरं व्हायचीही वाट पाहिली नाही. ताडकन उठला, मोबाइल काढला, 'हॉल स्पीकर' असं नाव दिसलं त्यावर बोट ठेवलं आणि गाणं सुरू केलं.

काहीच वाजलं नाही.

तो मोबाइल हातात धरून मान खाली घालून उभा राहिला. ते पाहून साहेबांना वाटलं, मौन सुरू झालं. त्यांनी मान खाली घातली. मागोमाग सगळा हॉल उठून उभा राहिला!

"मास्तर," झिपऱ्या कुजबुजला, "आवाज येतोय का रे?"

"कुठूनतरी येतोय," मास्तर ओठ न हलवता म्हणाले. "लांबून. बांधकाम चाललंय बहुतेक."

झिपऱ्याने आवाज वाढवला. स्पीकर ढिम्म. त्याने आणखी वाढवला. शेवटी पार टोकाला नेला. पलीकडच्या भिंतीत धाड धाड सुरू झालं. कोणीतरी किंचाळलं.

"बांधकामावर अपघात झाला वाटतं," मास्तर घाबरून म्हणाले.

मौन काही संपेना. ढोल्याचे मामा गुडघे धरून तक्रार न करता उभे होते. बसणार कोण? पहिला बसेल त्याची शोभा! झिपऱ्या घामाघूम झाला. त्याने स्पीकरच्या पाठीमागे जाऊन सगळी बटणं दाबून पाहिली. मग त्याला हलकेच थोपटलं. मग जोरात थोपटलं. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखाने माणूस कोलमडला. एका आत्याबाईंनी हुंदका दिला.

एवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात दहाबारा माणसं. पायांत मोजे, अंगावर पांघरुणं, केस विस्कटलेले. पुढे पांढऱ्या कपड्यांतल्या एक बाई, कमरेवर हात ठेवून.

"शेजारच्या हॉलमध्ये आमचा निद्रानाशाचा वर्ग चालू आहे!" त्या म्हणाल्या. "सहा आठवड्यांत आज पहिल्यांदा सगळेजण झोपले होते! सगळे! आणि आमच्या स्पीकरमधून हा राक्षस कोणी सोडला?"

दोन्ही हॉलांच्या स्पीकरांना एकच नाव दिलेलं होतं. झिपऱ्याच्या हे लक्षात आलं आणि त्याचं टक्कल कानांपर्यंत लाल झालं. "मी," तो कसाबसा म्हणाला. "माफ करा. मी बंद करतो." त्याला वहिनींकडे बघवेना. एक काम सांगितलं होतं मित्राने. एकच!

"थांबा भावजी," वहिनी म्हणाल्या.

त्या उठून भिंतीपाशी गेल्या आणि भिंतीवर तळवा टेकवून उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"बंद नका करू. मला हे गाणं असंच माहीत आहे. ते आतल्या खोलीत दार लावून बसायचे आणि मी इकडे स्वयंपाकघरात. आमच्या भिंतीवरची भांडी नाचायची. मी ओरडायचे, अहो, हळू! लग्न झाल्यापासून मी हे भिंतीपलीकडूनच ऐकत आलेय." मग त्या पांढऱ्या कपड्यांतल्या बाईंकडे वळल्या. "संपेपर्यंत बसता का? माझे यजमान गेलेत. त्यांचं आवडतं होतं."

बाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. पांघरुणवालेही बसले. मामांनी तर सुटकेचा निःश्वासच टाकला.

झिपऱ्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. भिंत घुमू लागली. मास्तरांची बोटं खुर्चीच्या पाठीवर ताल धरू लागली. साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "म्हणजे हे... त्यांचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हे त्यांचं," वहिनी म्हणाल्या.

गाणं संपलं. मोबाइलमध्ये बँडचं पुढचं गाणं सुरू झालं. झिपऱ्याच्या ओल्या बोटांना मोबाइल दाद देईना, तेव्हा शेजारचा स्पीकर हातानेच बंद करावा म्हणून तो तिकडे गेला.

हॉलभर रिकाम्या सतरंज्या पसरल्या होत्या आणि आवाजाने खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या. पण स्पीकरच्या अगदी पुढ्यात, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून, एक जाडजूड गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते. खालच्या दाढेत कीड होती, ती झिपऱ्याला सवयीने दिसलीच.

त्यांच्याशेजारच्या सतरंजीवर तो बसला आणि आतापर्यंत आवरून धरलेलं सगळं रडून घेतलं. इथे कोणाला ऐकू जाणार होतं? मग त्याने डोळे पुसले, उठून बटण दाबलं. एकदम शांत झालं.

गृहस्थ दचकून जागे झाले.

"अहो!" ते कळवळून म्हणाले. "बंद का केलंत? आत्ता कुठे डोळा लागला होता!"