कुलपातलं उंदराचं औषध

मालवणच्या बाजारात बाबलकाकांचं औषधांचं दुकान होतं, आणि ते उघडं असेपर्यंत बाबलकाका एका पत्र्याच्या ट्रंकेवरून उठत नसत. बाटली कुठे आहे ते बसल्या जागेवरून सांगत; काढायची गिऱ्हाइकानंच. कारण त्यांच्या बुडाखालच्या ट्रंकेत झोपेच्या गोळ्या होत्या, आणि ट्रंकेची कडी खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेली. "कुलूप कित्याक व्हया? माझां वजन आसा मां!"

कुलपाचं कपाट एकच. सरकारी हुकूम असा, की डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून द्यायची नाहीत ती औषधं कुलपात ठेवावीत. पण ती यादी सारखी बदलायची. खोकल्याचं औषध पावसाआधी उघड्या फळीवर असायचं, दिवाळीला ते कुलपाच्या यादीत जायचं. काका पत्रक वाचून भडकत. "काल पोरांका पाजलंय, आज तां विष झालां! बाटली तीच, बूच तांच. मुंबैत कोणाचां तरी पोट बिघडलां असतलां."

आणि कपाटात त्यांनी काय भरलं होतं? उंदराचं औषध, ढेकणांचं औषध. म्हणजे कायद्यानं कुणीही पैसे टाकून न्यावं असं. मागायला गेलं की जबानी सुरू. "उंदीर कोणी बघलो? केवढो? घरात भांडान झालां काय?" समोरचा हुसेनभाई ओरडायचा, "काका, उंदरांचो वकील झालास काय?" बाजार हसायचा. काका चावी जानव्याला बांधून ढिम्म.

एकदा रत्नागिरीहून इन्स्पेक्टर आले. आईच्या खोकल्याचं औषध न्यायला मीही तेव्हा बाकावर बसले होते.

"ह्या गोळ्या कपाटात ठेवा. ते उंदराचं बाहेर काढा."

"काढूचंय नाय."

"आत काय, बाहेर काय, हे कायद्यानं ठरलंय."

"कायदो मुंबैत बसान केललो, सायबा. हंय कोण काय कित्याक नेता, तां माका ठावक."

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "बरं. तुमच्या ह्या कुलपामुळे वाचलेल्या एका तरी माणसाचं नाव सांगा. मी वर कळवतो. नाहीतर दुकान बंद करावं लागेल."

ते नाव माझं होतं.

त्याच वर्षी माझा साखरपुडा मोडला होता. का, ते गावाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एका दुपारी मी काकांकडे गेले आणि म्हटलं, घरात उंदीर झालेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडे तर मांजर आसा गो. बस हंय." त्याच बाकावर बसवून संध्याकाळपर्यंत माझ्याकडून पुड्या बांधून घेतल्या, मग दुकान बंद करून मला घराच्या दारापर्यंत सोडलं. कुठे बोलले नाहीत.

साहेबांपुढेही काकांची नजर माझ्याकडे वळली नाही. "नाव नाय. लायसन व्हया तर घेवा. चावी देवचंय नाय!"

मी तोंड उघडलं नाही. गोळ्यांसाठी कुलपाचं दुसरं कपाट येईपर्यंत दुकान बंद, असा हुकूम झाला. हट्टी म्हातारा म्हणून बाजार हसला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, काका, मी सांगते साहेबांना. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "गप रव! बाटली आज ह्या यादीत, फाल्यां त्या. चेडवाचां नाव एकदा लोकांच्या यादीत गेलां काय, काढतलो कोण? तुझो बापूस?"

वडील नव्हते मला. तेही त्यांना ठाऊक होतं. जीभ चावून ते उगाचच खिडकीची बिजागरी हलवून बघत राहिले.

सुतारानं कपाट द्यायला पुष्कळ दिवस लावले. तेवढे दिवस काका रोज तिन्हीसांजेला आमच्याकडे येत. "चाय पिऊक इलंय." आई म्हणे, घरी कोणी नाही, आता दुकानही नाही, बिचाऱ्याचा वेळ जाईना. ती त्यांना जेवायचा आग्रह करी, ते नको म्हणत. ओसरीवर टेकून वाऱ्याच्या, मासळीच्या गप्पा मारत. मी जेवायला बसले की मात्र बोलणं तुटायचं. माझ्या ताटातला भात संपला, मी हात धुतला, की ते चपला शोधायला लागत.