दोन्ही कान

शांतवनकाका पडक्या इमारतींचे फोटो काढतात, पण आधी त्यांच्याशी बोलतात. "मान सरळ. हलायचं न्हाई," असं ते भिंतीला सांगतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मलाच सांगतायत. मी उगाच ताठ उभी राहिले.

भिंगारला त्यांच्या घरामागच्या खोलीत मी भाड्याने राहते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे कोणाला काय विचारावं हे मला अजून नीट कळत नाही. काकांना विचारावं लागत नाही, ते आपणहून सांगतात. चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लोक मोबाईलवरच फोटो काढू लागले तसा तो बंद पडला. आता काका कॅमेरा घेऊन एसटीने गावोगाव फिरतात. ढासळलेले बुरूज, बंद शाळा, बिनछपराची देवळं, सगळ्यांचा फोटो पासपोर्टसारखाच. समोरून, मधोमध, डावी-उजवी कड पूर्ण. या कडांना ते कान म्हणतात. "दोन्ही कान दिसले पायजेत. न्हाईतर तो फोटोच न्हाई."

संध्याकाळच्या सोनेरी उन्हात काढा, असं मी एकदा सुचवलं. "का? लग्नाला चाललीय का ती?" म्हणाले.

गेल्या महिन्यात कळलं की नेवाशाकडच्या एका गावातली जुनी चावडी रस्त्यासाठी पाडणार आहेत. मला सुट्टी होती, मीही गेले. आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी येऊन उभा होता. आणि चावडीची उजवी कड वेड्या बाभळीत पार बुडालेली.

काकांनी पिशवीतून कोयता काढला. वय बहात्तर. दोन फांद्या तोडल्या आणि धापा टाकायला लागले. मी फांदी ओढायला गेले, तर तळहातात काटे मोडले.

"काका, पाडायचीच हाय ती," जेसीबीवाला वरून म्हणाला. "एक बाजू न्हाई आली तर काय बिघडलं?"

"तुझ्या आधारकार्डावर एकच बाजू हाय का?"

तो हसला. मग त्याने जेसीबी पुढे घेतला, बाभूळ मुळासकट बाजूला सारली आणि इंजिन बंद केलं. "घ्या. पर लवकर आवरा."

काका कॅमेऱ्यामागे वाकले. "मान सरळ," ते चावडीला म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

घरी आल्यावर माझ्या हातातले काटे काढायला त्यांनी मला आत बोलावलं. समोरच्या भिंतीवर मार्थाकाकूंचा फोटो होता. काकू जाऊन चार वर्षं झाली. कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, पुसट फोटो. एक कान शेजारच्या बाईच्या खांद्याआड.

मी कुठे बघतेय ते त्यांच्या लक्षात आलं.

"दुपारचा डबा घेऊन यायची स्टुडिओत," सुईवरची नजर न हलवता ते म्हणाले. "म्हनायची, एकदा माझा काढा की. मी म्हनायचो, एवढं गिऱ्हाईक जाऊ दे."

काटा निघाला. "दुखलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

रविवारी मी गावी गेले. आई ओट्यावर बाजरी पाखडत बसली होती. तिला उठवून मी भिंतीपाशी उभं केलं, पदर कानांमागे सारला.

"अगं, एवढं सूप तरी हुंदे," ती म्हणाली.

मी होऊ दिलं नाही.