विशाखाची माशी

माझी धाकटी जाऊ विशाखा जेवायला असली की स्वयंपाकाची तारीफ जपून करावी लागते. मागे माझ्या सुकटीच्या चटणीला नणंद म्हणाली, अगदी आईच्या हातची. विशाखाने घास हातात तसाच धरून विचारलं, "कुठल्या दिवशीची? मूळ नमुना ठेवलाय का?" नणंदेने त्यानंतर माझ्या चटणीचं नाव घेतलं नाही.

विशाखा भिसेगावात राहते, कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात मेलेल्या माश्यांना टाचण्या टोचते. मी चौक गावात बांबू-पत्र्याचं दुकान चालवते. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार, "आमची धाकली इलायतेला कागद लिवते." थोरली टेंपोभर बांबू एकटी उतरवून घेते, हे आजवर कोणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. जळायला मला एवढं पुरत होतं.

त्यात ती माशी माझ्याच दुकानातली. बांबू पोखरून राहणारी काळी मधमाशी. आम्ही तिला भुंगा म्हणतो आणि झाडूने हाणतो. विशाखाचं म्हणणं, ह्या दिसायला सारख्या दोन वेगळ्या जाती आहेत आणि लोक दोघींना एकच शास्त्रीय नाव लावतात. नाव खरं कोणाचं, हे एकाच माशीवरून ठरतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ज्या साहेबाने नाव ठेवलं, त्याने जी समोर ठेवून वर्णन लिहिलं, ती. ती कुठे आहे, कोणालाच माहीत नव्हतं. नाहीच सापडली, तर तिच्या जागी दुसरी नेमता येते. आणि विशाखाच्या पेटीत माझ्या बांबूतली, सहाही पाय शाबूत असलेली माशी तयार होती. उद्या जगात कोणालाही शंका आली, तर विशाखाच्या माशीकडे बघून निवाडा होणार. बांबू माझा, झाडू माझा, आणि मान हिचा.

परदेशातल्या तीन संग्रहालयांनी आमच्याकडे नाही म्हणून कळवलं. जुनीच्या जागी आपली माशी नेमणारा विशाखाचा लेख लिहून झाला. आणि मग ही बाई चौथ्या संग्रहालयाला पत्र लिहायला बसली. मी म्हटलं, "गप बस की गं. तिघं नाय म्हणालेत ना?"

"चौथ्याला विचारलंच नाय, ताई, तर शोधून सापडली नाही असं कसं लिहू?"

मला ह्याचाही राग आला. मी असते तर खुशाल लिहून मोकळी झाले असते.

चौथ्यांनी खण उघडला आणि माशी निघाली. मुंडकं नाही, डाव्या बाजूचे पंख नाहीत, पण टाचणीला साहेबाच्या हातची चिठ्ठी. त्यांनी पाठवलेले फोटो विशाखाने आठवडाभर ताडून पाहिले. नाव आमच्या भुंग्याचंच ठरलं. निवाड्याला मात्र कायमची ती मुंडकं नसलेलीच राहिली. विशाखाची धडधाकट माशी आता चारचौघींसारखी.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. रविवारी भिसेगावला गेले ती चेहरा मुद्दाम लांब करून. विशाखाने दारातच मला नीट न्याहाळलं, माश्या न्याहाळते तसं.

"आनंद झालाय ना तुमाला?"

मी चपला काढत राहिले. आत दीर टीव्ही बघत होते.

"बसा ना," ती म्हणाली. "बाकी कोणाला काहीच झालं नाय. हे म्हणाले, माशीच ती, दुसरी पकड. आई म्हणाल्या, दुकानातून दहा आणून देते. काय गेलं माझं, ते ह्या घरात तुमाला एकट्यांना कळलंय."

तिच्या हातातल्या फोनवर त्या मुंडकं नसलेल्या माशीचा फोटो उघडाच होता. समजूत मला घालता येत नाही, आणि तिला ती नकोच होती. मी पर्स खाली ठेवली, खुर्ची तिच्या शेजारी ओढली आणि म्हटलं, "दाखव बघू, काय एवढं त्या मेलीत."