राजवैद्य सिदोपंत यांनीं आपलें मत मागें घेतलें त्याची हकीकत

श्रीचें स्मरण करून, ज्यांनीं डोळां पाहिलें त्यांच्या तोंडून ऐकोन, पदरचें कांहीं न घालितां लिहिलें. शके सोळाशें एकसष्ट, सिद्धार्थी नाम संवत्सर. ते समयीं राज्यांत जुगारास मनाई असे. दिवाळीचे तीन दिवस मात्र सोंगट्या-फांशांस मोकळीक, मग वर्षभर कोणी नांव काढीत नसे. पुढें किल्ल्याचा खंदक खणावयाचा जाहला आणि दिवाण त्रिमलराव यांनीं महाराजांस अर्ज केला कीं, पेठेपेठेंत जुगारखाने उघडावे, दारावर सरकारची मोहोर असावी, बारा महिने खेळ चालावा, त्याच्या हांशिलांत खंदक होईल. महाराज विचारी, म्हणाले, "प्रजेच्या प्रकृतीस बाधेल कीं काय, तें वैद्यास पुसा." मग राजवैद्य सिदोपंत यांस बोलावणें आलें. पंत साठीचे, हातास यश, वाणी गोड. घरीं दिवाळींत सुनानातवंडांसह सोंगट्या मांडून हंसत खेळत, तेंच मनांत आलें, आणि उभ्याउभ्याच लिहून दिलें कीं, "खेळानें चित्त रमतें. शरीरास अपाय नाहीं." खालीं शिक्का केला आणि घरीं येऊन जेवले.

मग कार्तिकापासून खाने उघडले. देवळाकडे, बाजाराकडे, तळ्यावर, तालमीशेजारीं, जिकडे पाहावें तिकडे मोहोर. आणि पौषांत पंतांचे ओसरीवर रोगी वाढले. कोणाची झोंप गेली, कोणाची छाती धडधडे, कोणास अन्न पाहतांच मळमळे. साळ्यांचे हात कांपूं लागले, धागा जुळेना. एक बाई गालावर काळानिळा वळ घेऊन आली आणि म्हणाली, "पायरीवरून पडलें." दुसरी आली, तीही पायरीवरून पडलेली. पंतांनीं ब्राह्मीचें तेल दिलें, आसव दिलें, पथ्य सांगितलें, गुण येईना. नाडी पाहतां पाहतां पुसावें, "दिवसभर बसतां कोठें?" तों जो तो मान खालीं घालून म्हणे, "खान्यांत." पंत समजले. परंतु आपलाच शिक्का, बोलावें कोणापाशीं, म्हणून पुढच्याची नाडी धरीत.

माघ महिन्यांत एके सकाळीं कोळ्यांनीं तळ्यांतून एक पुरुष काढून पंतांचे अंगणांत आणिला. पाहतात तों तोफखान्याचा गोलंदाज रायाजी. आपणच उडी घातलेली. पंतांनीं पालथा घालून पाणी काढिलें, अंग शेकलें, तेव्हां श्वास लागला. मागून त्याची बायको सगुणा धांवत आली आणि नवऱ्याचे पायथ्याशीं बसून पंतांस म्हणाली, "वैद्यबाबा, मी ह्यांस खान्यांत जातां रोज अडवीत होतें. हे म्हणत, अगं, सरकारची मोहोर आहे, राजवैद्यांनीं अपाय नाहीं म्हणून लिहून दिलें आहे, तूं काय वैद्याहून शहाणी? आतां तुम्हीच सांगा, मी काय बोलायला हवें होतें?" पंत तीन दिवस उशाशीं बसून राहिले. चवथे दिवशीं रायाजीनें डोळे उघडिले आणि भिंतीकडे तोंड करून रडला. पंत म्हणाले, "रायाजी, लाज तूं धरूं नको. ती माझी आहे." मग पागोटें बांधून दरबारास गेले.

दरबारीं मुजरा करून पंतांनीं मानाची शाल पायांशीं ठेविली आणि बोलले, "महाराज, मीं लिहून दिलें तें न पाहतां लिहून दिलें. खान्यांनीं रोगी वाढले, तें खोटें ठरलें. मत मागें घेतों, शिक्षा व्हावी." दिवाण संतापले आणि म्हणाले, "माणसें पूर्वीं आजारी पडत नव्हतीं काय? खंदक अर्धा जाहला. वैद्यानें नाडी पाहावी, राज्य आम्हांस पाहूं द्यावें." पंत म्हणाले, "नाडीच पाहतों, दिवाणसाहेब. राज्याचीच पाहतों." महाराजांनीं दोघांचें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "उद्यां आम्ही तुमचे घरीं येतों. कोणास कळूं न द्यावें."

दुसरे दिवशीं महाराज साधा आंगरखा घालून पंतांचे माजघरांत पडद्याआड बसले आणि प्रहरभर ऐकत राहिले. शेवटीं धोंडजी कासार आला, डोळे तांबारलेले. पंतांनीं पुडी पुढें केली ती त्यानें सारिली आणि म्हणाला, "औषध नको, वैद्यबाबा. आमचे गल्लीच्या तोंडाशींचा खाना तेवढा बंद करवा. पूर्वीं तीन दिवस खेळत होतों आणि विसरत होतों. आतां घरून दुकानीं जातां चार दारें लागतात. तीन ओलांडतों हो! चवथ्याशीं पाय वळतात." आणि मोठमोठ्यानें रडूं लागला. तों पडदा सरला आणि महाराज बाहेर आले. धोंडजी भिऊन जमिनीस लागला. महाराजांनीं त्याचा दंड धरून उठविलें आणि म्हणाले, "तुझे वाटेवर ती दारें आम्हीं उभीं केलीं. आम्हीच काढूं."

त्याच दिवशीं हुकूम सुटला कीं, सारे खाने बंद, पूर्वींप्रमाणें दिवाळीचे तीन दिवस मात्र असावे. ज्यास खेळ सोडवत नाहीं त्यास गुन्हेगार न म्हणतां वैद्याकडे पाठवावें. दिवाण रुसून चार दिवस दरबारास आले नाहींत, मग आले. खंदक अर्धाच राहिला. शत्रूही त्या वर्षीं आला नाहीं. मोहरा उतरल्या त्या दिवशीं बाजारांत माणसें उगीचच एकमेकांशीं बोलत उभीं राहिलीं, जैसें मोठें ओझें उतरून पाठ ताठ करावी. सर्वच बरे जाहले ऐसें नाहीं. दोघे गांव सोडोन गेले, एक तालमीपाठीमागें चोरून खेळत राहिला. परंतु चैत्र लागेतों ओसरी रिकामी दिसूं लागली. साळ्यांचे माग वाजूं लागले. पायरीवरून पडणाऱ्या बायका येईनाशा जाहल्या. रायाजीस भूक लागली, सगुणेनें निरोप धाडिला, "आज दोन भाकऱ्या खाऊन तिसरी मागितली." तो निरोप ऐकून पंत मोठ्यानें हंसले, आणि भर दुपारीं ओसरीवर आडवे होऊन असे घोरूं लागले कीं सुनेनें दार ओढून घेतलें आणि आल्यागेल्यास सांगितलें, "मामंजींस उठवूं नका, पुष्कळ दिवसांनीं निजले आहेत."

येणेंप्रमाणें जुगारखाने चार महिने चालले आणि बंद जाहले. मेल्याची नोंद दफ्तरीं राहते. जो मरतां मरतां वाचला आणि घरीं जाऊन जेवला, त्याची कोणी लिहीत नाहीं. म्हणून ही लिहिली. लेखनसीमा.