वकिली झग्यातला करकोचा

या हो, असे पुढे सरका. जागा आहे, मागे बसून माना उंचावू नका! एका शिंपीकाकांची गोष्ट सांगतो. पोटभर हसा. त्यांना राग येणार नाही, त्यांना विचारूनच सांगतोय.

काकांनी जन्मभर वकिलांचे काळे कोट आणि झगे शिवले. काकू मात्र दर रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून अभयारण्यातल्या तळ्यावर. "चला ना हो एकदा!" म्हणायच्या. काका मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "पुढच्या रविवारी नक्की!" अशी तीस वर्षं गेली. काकूंनी तळ्यावरचं यच्चयावत पाखरू पाहिलं, एक काळा करकोचा सोडून. तो काही आला नाही. शेवटी काकूच गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात काकांनी जाहीर केलं, "तो करकोचा मी बघणार. तिच्या वतीनं!"

"बाबा, तुम्हाला कावळा नि कोकिळा वेगळे ओळखता येत नाहीत," सूनबाई म्हणाली.

"पाखरं बुजतात कशाला? माणसाच्या कपड्यांना! आजवर चारचौघांत उठून दिसतील असे कपडे शिवले. आता अजिबात न दिसणारे शिवतो, बघच तू!"

कपाटात कापड उरलं होतं एकच, काळं. त्याचा पायघोळ झगा झाला. आत पांढरा सदरा. चिखलासाठी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय गारठू नयेत म्हणून काकूंनी विणलेले लालभडक मोजे चढवले. असा थाट करून काका भल्या सकाळी लव्हाळ्यात जाऊन उभे राहिले.

नेमका तो दिवस पक्षी मोजण्याचा! समोरच्या काठावर गणनेचे प्रमुख, गावातले डॉक्टर, आपले दहा-बारा पक्षिमित्र घेऊन हजर. धुकं असं, की तळ्यावर कुणी कापूस पिंजून टाकलाय. आणि पाण्यावरून आवाज कसा, कानात बोलल्यासारखा येतो!

"हलू नका कुणी!" डॉक्टर कुजबुजले. "काळी पाठ... पांढरं पोट... लाल पाय! काळा करकोचा!"

काकांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. सगळ्या दुर्बिणी आपल्याच दिशेनं! म्हणजे तो आपल्या पाठीमागेच उभा! वळावं तर उडेल, न वळावं तर दिसणार कसा?

नाकावर डास बसला. काकांनी हळूच नाक खांद्यावर घासलं.

"पंख साफ करतोय!"

'करू दे बापडा,' काका मनात म्हणाले.

पायात गोळा आला. काकांनी पाय अलगद वर घेतला.

"एका पायावर उभा राहिला!"

'अरे देवा, त्यालाही गोळा आला की काय!' काकांना त्या पाखराची माया दाटून आली.

बातमी पसरली. तासाभरात पन्नास माणसं जमली.

"आकार जरा मोठाच वाटतो," डॉक्टर म्हणाले.

"खाऊनपिऊन सुखी असेल," अभयारण्याचा राखणदार वहीत नोंद करत म्हणाला.

धुकं विरू लागलं. आणि त्या पन्नास पाठींच्या मागे, उथळ डबक्यात, तो उतरला. लांब लाल चोच. पाठीवर ऊन पडलं तशी काळ्यात हिरवी-जांभळी झाक फिरली. असं कापड काकांच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. माप न घेता देवानं काय बेतलं होतं!

काकूंना जन्मभर मारलेली हाक हो, तोंडातून निघून गेली, "अगं! अगं, लवकर ये, बघ!"

पन्नास माणसांनी करकोच्याला बोलताना ऐकलं! एक दुर्बीण पाण्यात पडली. त्या आरोळीनं खरा मात्र उडाला, आणि लोक वळेपर्यंत झाडांपलीकडे दिसेनासा झाला.

डॉक्टर तळ्याला वळसा घालून तावातावानं आले. "काका, आमच्या गणनेचा बट्ट्याबोळ केलात!"

"अहो, तो तुमच्या मागेच होता! खरा!"

"पुरे झालं! सकाळपासून तुमचाच पिसारा बघतोय!"

राखणदारानं वहीतला करकोचा खोडून टाकला.

घरी सूनबाईनं पाय शेकायला गरम पाणी आणून ठेवलं. "बाबा, खरंच दिसला?"

"दिसला गं."

"मग असे गप्प का?"

"सांगायचं कुणाला, तेच कळेना."

तर मंडळी, कधी तळ्याकाठी गेलात आणि लव्हाळ्यात काही काळंसं उभं दिसलं, तर घटकाभर थांबा. काकूंची आठवण काढा. मग ते पाखरू निघो, नाहीतर शिंपी!