संस्थापकांच्या फोटोतलं कोपर

"हे कोपर माझं आहे!" आप्पांनी स्मरणिकेचं तिसरं पान टेबलावर असं आपटलं, की कपातला चहा बशीबाहेर आला.

सूनबाईंनी फडकं घेतलं. या घरात येऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती, त्यामुळे फडकं हाताशीच असायचं.

बांधकाम कंत्राटदारांच्या संघटनेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त छापायच्या स्मरणिकेची कच्ची प्रत सभासदांकडे आली होती. तिसऱ्या पानावर संस्थापकांचा फोटो आणि खाली बारा नावं. आप्पांचं नाव त्यात नाही. फोटोच्या उजव्या कडेला मात्र एक कोपर आत घुसलं होतं. ते बाराही जण केव्हाच गेले होते. मागे उरलेले आप्पा भेटेल त्याला 'ही संघटना आम्ही उभी केली' असं सांगत आले होते. आणि आज सकाळी नातीनेच विचारलं होतं, "आजोबा, तुमचं नाव कुठंय?" तेव्हापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"गाडी काढ," ते सूनबाईंना म्हणाले. "एकेकाला सरळ करतो."

"आप्पा, आधी फोन करून—"

"फोनवर ओरडलेलं नीट पोचत नाही!"

कार्यालयात संघटनेचे सचिव एकटेच सापडले. आप्पांनी सदऱ्याची बाही वर केली आणि कोपर त्यांच्या नाकासमोर धरलं.

"बघ! आणि फोटोतलं बघ!"

"आप्पा, कोपरावरून माणूस कसा ओळखायचा? असं कोपर कुणाचंही असू शकतं."

"माझ्या कोपराला कुणाचंही म्हणतोस? पहिल्या सभेचं रजिस्टर काढ!"

सचिवांचा चेहरा पडला. "ते जुन्या कपाटात आहे. आणि कपाट या भिंतीमागे आहे."

"भिंतीमागे म्हणजे?"

"मागच्या वर्षी नूतनीकरण केलं ना. नकाशात भिंत दाखवली होती, ती बांधली. कपाट नकाशात नव्हतं."

"कोणत्या गाढवाने बांधली?"

"अध्यक्षांनी."

आप्पांनी अध्यक्षांना बोलावून घेतलं. अध्यक्षांनी आधारासाठी आणखी चौघांना आणलं, त्या चौघांनी इतरांना कळवलं, आणि तासाभरात पंधरा कंत्राटदार भिंतीसमोर हाताची घडी घालून उभे राहिले. एक म्हणाला वरून फोडा, दुसरा म्हणाला खालून. यांतल्या एकानेही वीस वर्षांत हातात घण धरला नव्हता. आप्पांना ही चर्चा सोसेना. त्यांनी स्वतःच घण उचलला. तिसऱ्या घावाला भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली.

"हा पाइप नकाशात नव्हता!" अध्यक्ष ओरडले.

पाणी बंद करायची चावी कुठे बसवली, हे त्यांना आठवेना. शेवटी घोटाभर पाण्यात उभं राहून सगळ्यांनी भिंत पाडली. कपाटातून रजिस्टर निघालं.

"मोठ्याने वाच," आप्पा सचिवांना म्हणाले. "सगळ्यांना ऐकू दे."

"ठराव क्रमांक एक. तुमचं नाव आहे, आप्पा."

"बघा!"

"'...या गृहस्थांनी प्रत्येकाच्या साइटवर जाऊन, कामगारांदेखत, कंत्राटदाराला अद्वातद्वा बोलण्याचा सपाटा लावला आहे. त्यांच्यापुढे एकट्यादुकट्याचा निभाव लागत नाही. सबब आपण सर्वांनी मिळून संघटना स्थापन करावी.' खाली बारा सह्या. आणि शेरा आहे, 'सदर गृहस्थ बोलावलेले नसताना आले. फोटोत घुसू पाहत होते, अडवण्यात आले.'"

कुणी हसलं नाही. हसायची कुणाची टाप होती? आप्पांचा चेहरा लालबुंद झाला, मग पांढराफटक पडला. पन्नास वर्षं अभिमानाने मिरवलेली गोष्ट चारचौघांत अशी उघडी पडली होती. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. ते बिचारे आयुष्यात पहिल्यांदाच शब्द शोधत होते.

मग ते सापडले.

"त्या बाराजणांना एकत्र कुणी आणलं? एकमेकांचं तोंड बघत नव्हते लेकाचे! मी नसतो तर कुठली संघटना आणि कुठली स्मरणिका? लिही, पहिलं नाव माझं!"

सचिवांनी मुकाट्याने पेन काढलं आणि सगळ्यांत वर आप्पांचं नाव लिहिलं. आप्पा ताठ मानेने, पाणी तुडवत दाराकडे निघाले.

सूनबाई मात्र मागे रेंगाळल्या. केसांतली विटांची भुकटी झटकत त्या सचिवांजवळ आल्या, आप्पा बाहेर पोचल्याची खात्री केली आणि हळूच म्हणाल्या, "अहो, तुमच्या संघटनेत घरच्या माणसांना सभासद होता येतं का?"